नांदेड–छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर

नांदेड–छत्रपती संभाजीनगर हवाई अंतर म्हणजे मराठवाड्यातील दोन प्रादेशिक विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. नांदेड येथील श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा विमानतळ यांच्यामध्ये हे अंतर सुमारे २१५ किलोमीटर, म्हणजेच ११६ सागरी मैल आहे. या अंतरासाठी प्रवासी विमानाचा प्रत्यक्ष हवेतील वेळ साधारण अर्धा तास धरला जातो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ ४० ते ५० मिनिटांचा असतो.

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे गाव या दोन विमानतळांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळ, तिच्या उत्तरेस आहे. हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नसल्यामुळे तेथील रहिवाशांना हवाई प्रवासासाठी प्रामुख्याने नांदेड विमानतळावर अवलंबून राहावे लागते. विमानतळांमधील अंतर, उड्डाणकाल आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा एकूण प्रवासकाल या तीन वेगवेगळ्या बाबी आहेत. त्यांतील फरक जवळा बाजारसारख्या दोन विमानतळांच्या दरम्यान असलेल्या गावाच्या बाबतीत विशेष ठळक होतो.

पार्श्वभूमी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. जवळा बाजार हे परभणी–औंढा नागनाथ–हिंगोली मार्गावरील बाजारपेठेचे गाव असून तेथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे नागनाथाचे मंदिर याच तालुक्यात औंढा येथे आहे.

प्रशासकीय आणि शैक्षणिक कामांसाठी या परिसराचा संबंध दोन्ही शहरांशी येतो. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला असून हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विभागीय आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठही १९८१ पासून तेथेच कार्यरत असून हिंगोली जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात मोडतो. त्यामुळे न्यायालयीन तारीख, महसुली अपील किंवा मोठ्या रुग्णालयातील उपचार यांसाठी जवळा बाजारहून छत्रपती संभाजीनगरला जाणे ही अनेकांची गरज असते. हे अंतर किती वेळात कापता येते, हा प्रश्न त्यांच्यासाठी व्यवहाराचा आहे.

विमानतळांची स्थाने

नांदेड विमानतळ (आयएटीए संकेत: एनडीसी) सुमारे १९° ११′ उत्तर अक्षांश व ७७° १९′ पूर्व रेखांशावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३८० मीटर आहे. धावपट्टी १०/२८ या दिशेची असून तिची लांबी सुमारे २,३०० मीटर आहे. गुरू गोबिंद सिंग यांचा देहान्त १७०८ साली नांदेड येथे झाला. त्यांनी गुरू ग्रंथसाहिबास गुरुगादी दिल्याच्या घटनेची ३०० वर्षे २००८ साली साजरी झाली. त्या निमित्ताने तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे येणाऱ्या भाविकांसाठी विमानतळाचे नूतनीकरण करण्यात आले.

चिकलठाणा विमानतळ (आयएटीए संकेत: आयएक्सयू) सुमारे १९° ५२′ उत्तर अक्षांश व ७५° २४′ पूर्व रेखांशावर, शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत आहे. त्याची उंची सुमारे ५८० मीटर आहे. ०९/२७ दिशेची त्याची धावपट्टी सुमारे २,८३५ मीटर लांब आहे. अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांमुळे या विमानतळावर पर्यटकांची ये-जा मोठी असते.

अंतराची गणना

पृथ्वी साधारणतः गोलाकार असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर सरळ रेषेवर नसून बृहत्वृत्ताच्या कंसावर मोजले जाते. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्यास बृहत्वृत्त म्हणतात. मुंबई–लंडनसारख्या लांब मार्गावर हा कंस सपाट नकाशावर वाकलेला दिसतो. नांदेड–छत्रपती संभाजीनगर हा मार्ग लहान असल्याने कंस आणि नकाशावरील सरळ रेषा यांतील फरक नगण्य राहतो. म्हणून ही गणना शालेय भूमितीनेही करता येते.

अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे अंतर म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ४१ मिनिटांचा फरक आहे. त्यामुळे दक्षिणोत्तर अंतर ४१ सागरी मैल येते. रेखांशांतील फरक १ अंश ५५ मिनिटे, म्हणजे ११५ मिनिटे आहे. रेखांशवृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे रेखांशाच्या एका मिनिटाचे अंतर विषुववृत्तापासून दूर जाताना कमी होते. सुमारे साडेएकोणीस अंश अक्षांशावर ते विषुववृत्तावरील अंतराच्या ०.९४३ पट भरते. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे १०८ सागरी मैल येते.

या दोन अंतरांना काटकोन त्रिकोणाच्या बाजू मानल्यास कर्ण सुमारे ११६ सागरी मैल, म्हणजे २१५ किलोमीटर मिळतो. बृहत्वृत्ताच्या सूत्राने केलेली गणनाही हेच उत्तर देते. विमानतळाचा संदर्भबिंदू कोठे धरला आणि पृथ्वीचा आकार गोल मानला की ध्रुवांशी किंचित चपटा मानला, यांनुसार निष्कर्षात एखाद्या किलोमीटरचा फरक पडू शकतो.

मार्गाची दिशा व जवळा बाजारचे स्थान

नांदेडहून छत्रपती संभाजीनगरची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे २९१ अंश, म्हणजे पश्चिम-वायव्य येते. परतीची दिशा सुमारे ११० अंश आहे. नांदेडच्या धावपट्टीचा २८ हा क्रमांक साधारण २८० अंशांची, तर चिकलठाण्याच्या धावपट्टीचा २७ हा क्रमांक साधारण २७० अंशांची दिशा दर्शवतो. दोन्ही धावपट्ट्या मार्गाच्या दिशेशी बऱ्याच जुळत्या आहेत. त्यामुळे पश्चिमेकडे उड्डाण करून पश्चिमेकडेच उतरता आले, तर विमानाला मोठे वळण घ्यावे लागत नाही. वाऱ्यामुळे उलट दिशेने उड्डाण किंवा अवतरण करावे लागल्यास वळणासाठी काही मिनिटे वाढतात.

नांदेडहून निघालेली ही रेषा वसमतच्या दक्षिणेकडून जाते आणि पूर्णा नदी ओलांडते. त्यानंतर ती उत्तरेकडील जवळा बाजार व दक्षिणेकडील परभणी यांच्या मधून पुढे सरकते. सेलू व परतूर यांच्या परिसरावरून, दुधना नदीच्या खोऱ्यातून आणि जालन्याच्या दक्षिणेकडून ती चिकलठाण्यास पोहोचते. मार्गात उंच पर्वत नाहीत. अजिंठ्याचे डोंगर उत्तरेस राहतात, तर गोदावरी नदी दक्षिणेस राहते.

जवळा बाजार हवाई रेषेने नांदेड विमानतळापासून पन्नास किलोमीटरच्या आत, तर चिकलठाणा विमानतळापासून सुमारे १७० किलोमीटरवर आहे. नांदेडहून विमानाने छत्रपती संभाजीनगरला जायचे ठरवल्यास येथील प्रवाशाला आधी मुक्कामाच्या विरुद्ध दिशेला, आग्नेयेकडे जावे लागते. त्यानंतर विमान त्याला गावाच्या दक्षिणेकडून पुन्हा पश्चिमेकडे नेते.

उड्डाणकाल

विमान कंपनीच्या वेळापत्रकात दिलेली वेळ ही केवळ हवेतील वेळ नसते. प्रस्थानापूर्वी विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ तीत धरलेला असतो. या काळास हवाई वाहतुकीच्या परिभाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. त्याचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात:

- विमान उभ्या जागेपासून धावपट्टीपर्यंत नेणे
- उड्डाण आणि ठरलेल्या उंचीपर्यंतची चढण
- स्थिर उंचीवरील प्रवास
- उतरण आणि धावपट्टीच्या रेषेत येणे
- अवतरण आणि उभ्या जागेपर्यंत जाणे

लहान मार्गावर चढण आणि उतरण यांतच बरेचसे अंतर संपते. त्यामुळे विमानाचा कमाल वेग फारसा उपयोगी पडत नाही. एटीआर ७२ हे दोन पंखे असलेले टर्बोप्रॉप विमान स्थिर उंचीवर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. चढण-उतरण धरून त्याचा सरासरी वेग ताशी ४०० किलोमीटर मानल्यास २१५ किलोमीटरसाठी सुमारे ३२ मिनिटे लागतात. जमिनीवरील हालचाल आणि अवतरणापूर्वीची वळणे यांची १५ मिनिटे मिळवल्यास एकूण वेळ पाऊण तासाच्या आसपास जातो.

एम्ब्रेअर १७५ सारखे जेट विमान स्थिर उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग गाठू शकते. मात्र इतक्या कमी अंतरात त्याला त्या वेगाने फार काळ जाता येत नाही. सरासरी ताशी ५०० किलोमीटर धरल्यास हवेतील वेळ सुमारे २६ मिनिटे होतो. म्हणजे दीडपटीहून अधिक वेगाच्या विमानानेही या मार्गावर केवळ सहा-सात मिनिटे वाचतात. कमी अंतराच्या मार्गांवर इंधनाची बचत करणारी टर्बोप्रॉप विमाने पसंत केली जातात, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

वाऱ्याचा परिणामही याच प्रमाणात मर्यादित राहतो. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असल्यास टर्बोप्रॉप विमानाचा ३२ मिनिटांचा वेळ सुमारे ३५ मिनिटे होतो, तर तोच वारा पाठीमागून असल्यास ३० मिनिटे होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे नांदेडहून पश्चिमेकडे जाताना परतीच्या तुलनेत किंचित अधिक वेळ लागू शकतो. विमानतळांच्या उंचीतील सुमारे २०० मीटरच्या फरकाचा उड्डाणकालावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

रस्ता व लोहमार्गाशी तुलना

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गाने जोडलेली आहेत. पूर्णा, परभणी, सेलू, परतूर व जालना या स्थानकांवरून जाणाऱ्या या मार्गाची लांबी सुमारे २३७ किलोमीटर आहे. हवाई अंतरापेक्षा ती केवळ दहा टक्क्यांच्या आसपास अधिक भरते. लोहमार्ग बऱ्याच अंतरापर्यंत हवाई रेषेला धरून जात असल्याने हे घडते. गाडीच्या प्रकारानुसार या प्रवासास साधारण सव्वातीन ते साडेचार तास लागतात. रस्त्याने अंतर मार्गानुसार सुमारे २६० ते २७० किलोमीटर आहे.

जवळा बाजार लोहमार्गावर नाही. परभणी हे मुख्य मार्गावरील, तर वसमत हे पूर्णा–अकोला मार्गावरील स्थानक या परिसराला उपयोगी पडते. रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला जाण्यासाठी औंढा नागनाथ, जिंतूर, मंठा व जालना हा मार्ग उपलब्ध आहे. त्याची लांबी सुमारे २०० किलोमीटर आहे.

एकूण प्रवासकाल

विमानप्रवासाची उपयुक्तता ठरवताना उड्डाणकालात आधीचा व नंतरचा वेळ मिळवावा लागतो. जवळा बाजारहून थेट विमानाने छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा साधारण हिशेब असा मांडता येतो:

- जवळा बाजार ते नांदेड विमानतळ, रस्त्याने: सुमारे दीड तास
- प्रवेश, सामान व सुरक्षा तपासणी आणि प्रतीक्षा: सुमारे सव्वा तास
- ब्लॉक टाइम: सुमारे पाऊण तास
- विमानातून उतरणे, सामान घेणे व शहरात पोहोचणे: सुमारे अर्धा तास

ही बेरीज चार तासांची होते. रस्त्याने २०० किलोमीटरचा प्रवास ताशी ४५ ते ५० किलोमीटर सरासरीने चार ते साडेचार तासांत होतो. म्हणजे थेट विमान उपलब्ध असले आणि त्याची वेळ कामाच्या वेळेशी जुळली, तरीही वेळेची बचत नाममात्र राहते. चार तासांपैकी केवळ अर्धा तास प्रवासी हवेत असतो. बाकीचे साडेतीन तास रस्ता, तपासणी आणि प्रतीक्षा यांत जातात. विमान अधिक वेगवान केल्याने हा भाग कमी होत नाही. विमानतळापर्यंतचा रस्ता सुधारला आणि तपासणीस लागणारा वेळ घटला, तरच तो कमी होतो.

थेट सेवा नसताना हा फरक आणखी वाढतो. दोन विमानांनी प्रवास केल्यास हवाई अंतर पुढीलप्रमाणे होते:

- थेट: सुमारे २१५ किलोमीटर
- हैदराबादमार्गे: नांदेड–हैदराबाद सुमारे २४६ व हैदराबाद–छत्रपती संभाजीनगर सुमारे ४३३, एकूण सुमारे ६७९ किलोमीटर
- मुंबईमार्गे: नांदेड–मुंबई सुमारे ४६८ व मुंबई–छत्रपती संभाजीनगर सुमारे २७९, एकूण सुमारे ७४७ किलोमीटर

पहिल्या पर्यायात थेट अंतराच्या तिपटीहून, तर दुसऱ्यात जवळजवळ साडेतीनपट अंतर कापावे लागते. मधल्या विमानतळावरील प्रतीक्षा त्यात धरलेली नाही. त्यामुळे या दोन शहरांमधील प्रवासासाठी रस्ता व रेल्वे हीच व्यवहार्य साधने ठरतात.

लांबच्या प्रवासात हिशेब पूर्णपणे बदलतो. नांदेड ते दिल्लीजवळील हिंडन विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १,०६० किलोमीटर असून त्यास साधारण दोन तास लागतात. जवळा बाजारहून विमानतळावर पोहोचण्याचा आणि तपासणीचा वेळ तेवढाच राहतो. मात्र दिल्लीच्या रेल्वेप्रवासास एक दिवस व त्याहून अधिक काळ लागत असल्याने विमानामुळे मोठी बचत होते. जमिनीवरील वेळ जवळजवळ स्थिर असतो आणि उड्डाणकाल अंतराबरोबर सावकाश वाढतो. म्हणून प्रादेशिक विमानतळाचा खरा उपयोग शेजारच्या शहरापेक्षा दूरच्या शहरांसाठी अधिक होतो.

उडान योजना आणि अंतर

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रादेशिक हवाई जोडणीसाठी उडान योजना जाहीर केली. या योजनेत हवाई अंतराला आर्थिक महत्त्व प्राप्त झाले. सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा एका तासाच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आले आणि इतर अंतरांसाठी त्या प्रमाणात टप्पे ठरवण्यात आले. भाड्यातील तूट भरून काढण्यासाठी विमान कंपन्यांना केंद्र व राज्य शासनाकडून साहाय्य दिले जाते.

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमला येथून या योजनेतील पहिल्या उड्डाणांचा प्रारंभ केला. शिमला–दिल्ली व कडप्पा–हैदराबाद या मार्गांबरोबर नांदेड–हैदराबाद हा मार्ग त्यांत समाविष्ट होता. नांदेडची सेवा ट्रूजेट ही कंपनी एटीआर ७२ विमानांनी चालवत असे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. व्यापार, उपचार व नातेसंबंध यांमुळे हैदराबादशी असलेली या प्रदेशाची ये-जा त्यानंतरही टिकून राहिली आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने नांदेड–अमृतसर सेवा सुरू केली. ट्रूजेटची उड्डाणे २०२२ साली थांबली. ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने नांदेडला बंगळूर तसेच दिल्लीजवळील हिंडन आणि पंजाबमधील आदमपूर या विमानतळांशी जोडले. नांदेडहून चाललेल्या या प्रमुख सेवा शेजारच्या विभागीय मुख्यालयापेक्षा महानगरे आणि शीख तीर्थयात्रेची ठिकाणे यांच्याकडे जाणाऱ्या आहेत. वर दिलेल्या प्रवासकालाच्या हिशेबाशी हे सुसंगत आहे.

नियोजित रस्ते

जालना येथे हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाला जोडणारा जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग नियोजित असून तो परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. त्याची नियोजित लांबी सुमारे १७९ किलोमीटर आहे. असा रस्ता पूर्ण झाल्यास नांदेड व छत्रपती संभाजीनगर यांच्यामधील रस्त्याचे अंतर हवाई अंतराच्या अधिक जवळ येईल आणि थेट विमानसेवेची वेळेच्या दृष्टीने असलेली आवश्यकता आणखी कमी होईल. त्याच वेळी जवळा बाजार परिसरातील प्रवाशांना दूरच्या प्रवासासाठी नांदेड किंवा चिकलठाणा यांपैकी सोयीचा विमानतळ निवडणेही सुकर होईल.

हे सुद्धा पहा

- जवळा बाजार
- औंढा नागनाथ
- हिंगोली जिल्हा
- श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ
- औरंगाबाद विमानतळ
- उडान योजना
- बृहत्वृत्त
- सागरी मैल